बाईंची गाडी

सिग्नल लाल होता म्हणून तो थांबला होता. एरवी त्या कोपऱ्यावर थांबावं असं काही नव्हतं. समोर एक बँक, तिच्या शेजारी कधीचं बंद पडलेलं बुटांचं दुकान, आणि त्याच्या पायरीला लागून बसथांबा. गाडीच्या काचा खाली होत्या, कारण या गाडीत वारा येण्याचा तेवढाच एक मार्ग होता. ही गाडी जिथे बनली तिथल्या लोकांना थंड हवा विकत घ्यावी लागत नसावी. बायको शेजारी बसून पिशवीतली औषधं पुन्हा एकदा मोजून बघत होती. थांब्यावर सात-आठ माणसं होती आणि त्यांत बाई होत्या, हे त्याला आधी दिसलं नाही, ऐकू आलं. "आपली नाही हो ही," बाई शेजारच्या गृहस्थांना सांगत होत्या, त्याच जुन्या, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. "ही पुलाकडची. आपली तिच्या मागून येतेय बघा." त्यांनी जिकडे हात केला होता तिकडे त्यानं पाहिलं. रस्त्याच्या पार त्या टोकाला, पेट्रोलपंपाच्याही पलीकडे, दोन बसगाड्या एकामागोमाग वळत होत्या. त्यांच्या कपाळावरचे आकडे त्याला कसेबसे दिसले. थांब्यावरचे बाकीचे लोक कपाळाला हात लावून, डोळे बारीक करून बघत होते. बाईंनी डोळे बारीक केले नव्हते. मान थोडी वर, हनुवटी सैल, जसं वर्गाच्या दारातून शेवटच्या रांगेतल्या पोराकडे बघावं तसं त्या बघत होत्या. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात ज्या माणसानं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, त्याला हिशेब करावा लागत नाही, तो आपोआप होतो. एवढा आकडा, एवढ्या लांबून, डोळे बारीक न करता. म्हणजे तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ. जी ओळ आता तुम्हाला दिसायची नाही, असं त्यानं बाईंना आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

"अहो, त्या बाई ना?" बायको म्हणाली. "थांबा की. उन्हात उभ्या आहेत, सोडू त्यांना."

"सिग्नल सुटला."

"मग पुढे घ्या बाजूला."

"मागे गाड्या आहेत गं."

मागे एक सायकलवाला होता. तो घंटीसुद्धा वाजवत नव्हता. गाडी पुढे गेली तेव्हा तिच्या इंजिनाचा तो खोल, पोटातून येणारा आवाज थांब्यावरून घसरत गेला आणि त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, बाईंनी मान वळवली होती. हात खांद्यापर्यंत वर गेला होता. पर्सचा पट्टा सारखा करायला गेला असेल. किंवा हाक मारायला. तो समोर बघत राहिला, जणू समोरच्या रिकाम्या रस्त्याला त्याच्या नजरेची फार गरज होती.

घरी आल्यावर त्यानं गाडी लावली, चाकाखाली विटा सरकवल्या, इंजिनाखाली पत्र्याचं ताट ठेवलं. तेल गळायचं. मेकॅनिक म्हणाला होता, "या जातीच्या गाडीतून तेल गळतंय तोवर काळजी करू नका. गळायचं थांबलं की समजा संपलं." बायको गाडीला राणीसाहेब म्हणायची. राणीसाहेबांनी आज जेवण केलं का, राणीसाहेबांना सर्दी झाली का, राणीसाहेब आज कुणावर रुसल्या. चेष्टा करायची पण फडका धुऊन तीच द्यायची. एरवी तो गाडी लावल्यावर लगेच उतरत नसे. अक्रोडाच्या लाकडाच्या त्या फळीवरून, जिच्यावर गोल घड्याळांसारखे काटे बसवले होते, बोट फिरवत बसायचा. लाकडाच्या रेषा मधोमध फुटून दोन्हीकडे सारख्या पसरल्या होत्या, एकाच ओंडक्याचे दोन काप पुस्तकासारखे उघडून बसवलेले. पुढच्या सीटच्या पाठीत दुमडलेली छोटी मेजं होती. उघडली की त्यांवर पेला ठेवायची खोबण. ज्यांनी ही गाडी केली त्यांना वाटलं असेल, मागे बसलेला माणूस जाता जाता काहीतरी पिईल, काहीतरी लिहील. त्यानं ती मेजं उघडून पुसली होती, कितीतरी वेळा. त्यांवर काही ठेवलं मात्र कधीच नव्हतं. आज तो लगेच उतरला आणि दार लावलं. ते दार आपटावं लागत नाही, नुसतं सोडलं की जाड कुलपासारखं आपलं आपण बसतं. तो आवाज त्याला फार आवडायचा. आज नको झाला. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला कुणाला तरी पत्ता सांगत होता, "सरळ जा, बाईंची गाडी उभी दिसेल, तिच्या समोर." गाडी घेऊन त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. अख्ख्या गल्लीच्या तोंडी ती अजून बाईंचीच होती, आणि आजवर त्याला त्याचा फक्त राग येत आला होता.

तसं पाहिलं तर त्यानं ती गाडी बाईंच्याही आधीपासून मनानं घेऊन टाकली होती. बाईंचे यजमान होते तेव्हापासून. तेव्हा दुकान नवं होतं, गिऱ्हाईक कमी, आणि दुकानासमोरच्या बँकेत यजमानांचं काम असलं की ती लांब, करडी-हिरवी, पाठ किंचित वाकवून बसलेली गाडी त्याच्या काचेसमोर उभी राहायची. चष्म्याच्या चौकटी पुसता पुसता तो तिच्याकडे बघायचा. नव्या गाड्या सगळ्या चिडलेल्या दिसतात. ही खानदानी म्हातारीसारखी दिसायची, कुणाशी स्पर्धाच नाही. मग यजमान गेले आणि लोक म्हणाले, आता गाडी विकतील. बाईंनी विकली नाही. त्या स्वतः चालवू लागल्या. एवढी मोठी गाडी आणि त्यात एवढीशी बाई. पाठीमागे उशी, सीट पार पुढे ओढलेली, चाकाच्या वरून जेमतेम कपाळ. पोरं हसायची. पण बाई गाडी अशी वळवायच्या की हसणाऱ्यांची तोंडं मिटावीत. दर रविवारी सकाळी त्या कुठेतरी जायच्या आणि संध्याकाळी यायच्या. कुठे, ते त्यानं कधी विचारलं नाही. गाडी जाताना दिसायची, येताना दिसायची, एवढाच त्याचा भूगोल. आता आठवलं की लाज वाटते: गाडीचं त्याला सगळं माहीत होतं, पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत, बटण दाबलं की एकीवरून दुसरीवर जाता येतं, मागच्या उजव्या दाराचं रबर गेलंय, आणि आत बसलेल्या बाईबद्दल एवढंच की तिच्या चष्म्याचा नंबर किती.

मग एक दिवस बाई दुकानात आल्या त्या समोरून येणाऱ्या दिव्यांची तक्रार घेऊन. "संध्याकाळी प्रकाश फुटतो हो डॉक्टर. चांदणीसारखा पसरतो." तो डॉक्टर नव्हता. चष्मे करणारा होता, नंबर काढणारा. लोक डॉक्टर म्हणायचे, तो 'नाही' म्हणायचा नाही; तेवढं एक लहानसं खोटं धंद्याबरोबर फुकट मिळालं होतं. त्यानं बाईंना खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड चौकट नाकावर ठेवली, पेटीतून भिंगं काढून एकेक घालत गेला. पहिलं बरं की दुसरं? दुसरं. हे बरं की हे? सारखंच. आता? आता बरं. हात आपलं काम करत होते. हे काम तो झोपेत करू शकला असता, आणि पुढे अनेकदा त्यानं ते झोपेत केलंही. एका डोळ्यात धूसरपणा होता, सुरुवातीचा; त्या वयात कुणाच्या डोळ्यात नसतो? भिंतीवरच्या ओळी बाई वाचत खाली येत होत्या. शेवटून तिसरी वाचली. दुसरीला अडखळल्या. आता अर्धा नंबर वाढवायचा, तो कुणालाही वाढवून बघतो, शिकाऊ पोरगाही बघेल. ते भिंग पेटीत समोर होतं. त्याची बोटं त्याच्यावर गेली होती. आणि काचेबाहेर गाडी उभी होती. ऊन तिच्या बोनेटवरून घसरून दुकानात आलं होतं आणि छतावर हलत होतं. त्यानं हात मागे घेतला.

एवढंच. कुणी पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. एका माणसानं पेटीवरून हात उचलला. मग तो म्हणाला, "बाई, आता एवढंच होईल." मग म्हणाला, "मोतीबिंदूची सुरुवात आहे." मग पेटी बंद करता करता, अगदी आपुलकीनं, "माझं ऐकाल तर गाडी आता थांबवलेली बरी. तुमच्यासाठी नाही, रस्त्यावरच्यांसाठी." यातलं शेवटचं वाक्य फार चांगलं झालं होतं. ते बोलताना त्याला स्वतःलाच ते पटलं. मोतीबिंदू होताच; वय होतंच; रस्त्यावर माणसं होतीच. नंतर मनाच्या कोर्टात त्यानं स्वतःला कितीदा उभं केलं, आणि दर वेळी आरोपी सुटला, कारण साक्षीदार एकच, आणि तो आरोपीचाच हात. बाई थोडा वेळ चौकट नाकावर तशीच ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "बरं. कुणीतरी सांगायला हवंच होतं." त्या आवाजात विश्वास होता. तो त्याला त्या वेळी कौतुकासारखा वाटला होता.

गाडी घ्यायला लोक टपलेच होते. शूटिंगसाठी जुन्या गाड्या भाड्यानं देणारा एक जण तर दारात बसून राहिला होता. बाईंनी त्याला वाटेला लावलं आणि गाडी चष्मेवाल्याला दिली, तीही त्याच्या ऐपतीत बसेल अशी. "तो तिला रंग फासेल आणि आत रिबिनी लावेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट ठेवाल." किल्ली देताना त्यांनी ती हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि बोटानं पुढे सरकवली. मग जरा संकोचून, जसं बाईंना कधी कुणासमोर संकोचलेलं त्यानं पाहिलं नव्हतं, विचारलं, "रविवारी कधी लागली तर?" "बाई!" तो म्हणाला होता, छातीवर हात ठेवून. "केव्हाही! नुसता फोन करा. हक्कानं." त्यानंतर एकदा फोन आला. त्या रविवारी त्याच्या गाडीचं कार्बुरेटर खोलून पडलं होतं, हे खरं. ते दुपारपर्यंत जोडून झालं असतं, हेही खरं. पण नुकतंच पॉलिश केलं होतं आणि रस्ता कुठला, कसा, चिखलाचा की काय, कोण जाणे. "गाडी बिघडलीय बाई, काय सांगू," तो म्हणाला. "अरेरे," बाई म्हणाल्या, गाडीची तब्येत विचारली, आणि फोन ठेवला. पुन्हा काही त्यांचा फोन आला नाही. माणसाला वाईट न वाटता नकार देता येतो याचा त्याला तेव्हा आनंद झाला होता. रविवारभर तो गाडी पुसत बसला. पुढचे रविवारही.

आणि सुख? सुख होतं, नव्हतं असं कसं म्हणावं. सुरुवातीला तर रात्री उठून खिडकीतून बघायचा, आहे ना. पण गाडीत बसला की पाठ टेकत नसे. बायकोच्या लक्षात आलं. "काय हो, परीक्षेला बसल्यासारखे बसता? टेका की. स्वतःची गाडी आहे." त्यानं टेकून पाहिलं, कातडं थंड होतं आणि उगीचच कुणाच्या तरी अंगाचा वास होता त्याला. मग त्याला वडील आठवले. वडील एका कंपनीत कारकून होते, आणि एकदा मालकांनी त्यांना आणि त्याला, पाऊस होता म्हणून, आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडलं होतं. अशीच होती ती, हीच असेलही, लहानपणी सगळ्या मोठ्या गाड्या एकच असतात. वडील सगळा वेळ सीटच्या काठावर बसले होते, गुडघे जुळवून, डबा मांडीवर धरून. पाठ लावली नाही. उतरल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही टेकला का नाहीत?" वडील म्हणाले, "ओला होतो रे." वडील ओले नव्हते. छत्री होती. त्या वेळी त्याला वाटलं होतं, आपण मोठं झालो की असल्या गाडीत पाठ टेकून बसायचं. वडिलांनी टेकली नाही कारण गाडी त्यांची नव्हती आणि ते त्यांना ठाऊक होतं. एवढा साधा, सरळ माणूस. आपल्यालाही ठाऊक आहे म्हणूनच टेकवत नाही, हे त्याला त्या सिग्नलच्या दिवशी घरी जेवताना, पहिल्याच घासाला कळलं, आणि घास तोंडात फिरत राहिला. बायकोनं विचारलं, "खारट झालंय का?" तो म्हणाला, नाही. म्हणाली, मग गिळा.

त्यानंतर दुकानात बसवेना. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, भिंग घातलं, पहिलं बरं की दुसरं विचारलं, की त्याला वाटायचं हा माणूस आपल्याला विचारतोय. तो पेटीतलं प्रत्येक भिंग घालून बघू लागला. एका आजोबांची तपासणी इतकी लांबली की ते म्हणाले, "डॉक्टर, मला चष्मा हवाय, दुर्बीण नको." बाहेर गाडी उभी असायची. तो खुर्चीची दिशा बदलून बसला तर आता ती समोरच्या आरशात दिसू लागली. चष्म्याच्या दुकानात आरसे सगळीकडे असतात. एकदा त्यानं ठरवलं, बाईंना फोन करून म्हणायचं, सहज तपासून टाकू डोळे, बरेच दिवस झाले. पण मग अर्ध्या नंबराचं भिंग घालावं लागेल, आणि बाई ती ओळ वाचतील, आणि मग शांतता होईल. ती शांतता त्याला आत्ताच ऐकू येत होती. शिवाय, आणि हे त्याला स्वतःपाशीही उशिरा कबूल करता आलं, बाईंना दिसतंय असं ठरलं तर गाडी परत द्यावी लागेल. अपराधी वाटणं परवडत होतं. गाडी देणं परवडत नव्हतं. इतका तो स्वतःला ओळखून होता आणि ओळखीचा काही उपयोग होत नव्हता.

बायकोनंच कोंडी फोडली, तीही काही माहीत नसताना. शनिवारी भाजी घेऊन आली आणि पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "बाई भेटल्या होत्या. किती खंगल्यात हो. मी विचारलं, त्या दिवशी थांब्यावरून कुठे निघाला होतात? तर म्हणाल्या, धाकट्या बहिणीकडे. टेकडीवर ते म्हाताऱ्या माणसांचं घर आहे ना, तिथे असते ती. दोन बस बदलायच्या आणि वर चढ चालायचा. दर रविवारी जायच्या, आता महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. रविवारी वरची बसच नसते म्हणे." ती मिरच्या निवडू लागली. "तुम्ही म्हणाला होतात ना त्यांना, केव्हाही सांगा म्हणून?"

"म्हणालो होतो."

"मग त्यांनी सांगितलं नाही?"

ती वळून बघत राहिली, हातात मिरची तशीच. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचा नंबर काढायला पेटी लागत नाही. "उद्या जा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या दाराशी गेला. हॉर्न वाजवला नाही, वर जाऊन बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या खिडकीतून खाली गाडीकडे. "बाई, टेकडीवर जायचं ना? चला," तो म्हणाला. पाठ केलेलं आणखी बरंच होतं, ते काही आलं नाही. बाई आत गेल्या, पर्स घेऊन आल्या, कुलूप लावलं. गाडीपाशी आल्यावर सवयीनं उजव्या दाराकडे वळल्या, क्षणभर थांबल्या, आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसल्या. ते थांबणं त्यानं पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. गाडीत बाईंनी कशालाही हात लावला नाही. दोन्ही हात पर्सवर. शहर मागे पडलं तसा रस्ता अरुंद होत गेला, आणि बाई मधूनच, स्वतःशीच बोलावं तसं, सांगू लागल्या. पुढे डावीकडे वळण आहे. पाटी दिसतेय ती टायरवाल्याची, तिच्या पलीकडून. तो खड्डा सांभाळा. खड्डा त्याला बाईंनी सांगितल्यावर दिसला. त्याचे कान गरम झाले होते. आत्ता बोलावं, आत्ता, असं प्रत्येक वळणाला वाटत होतं आणि वळण संपत होतं.

"एक सांगून ठेवते," चढ सुरू झाल्यावर बाई म्हणाल्या. "ती आता फार विसरते. मी बसनं गेले की मला ओळखत नाही. म्हणते, आमची ताई गाडीतून येते, तुम्ही कोण? बिस्किटं घेते माझ्याकडून. आभार मानते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आधी असं नव्हतं हो. गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत यायची. मधे खंड पडला आणि तो धागा तुटला बहुतेक. डॉक्टर म्हणतात, तुटणारच होता. म्हणजे, खरे डॉक्टर."

त्यानं गिअर बदलला. तो चुकीचा पडला आणि गाडी कण्हली.

फाटकातून आत शिरून तो गाडी थांबवतो न थांबवतो तोच ओसरीवरच्या खुर्च्यांमधून एक म्हातारी उठली. बाईंसारखीच, फक्त पुसट. स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली. ती पायऱ्या उतरून जवळजवळ धावत आली, मागून सेविका "आजी, आजी, सावकाश!" करत. म्हातारीनं बोनेटवर दोन्ही हात ठेवले, गरम होतं तरी. मग बाईंना म्हणाली, "ताई, किती उशीर!" आणि बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. म्हातारी मग त्याच्याकडे वळली. तो दार उघडून अर्धवट बाहेर आला होता. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चेहरा उजळला.

"दाजी! इतके दिवस होतात कुठे?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई बहिणीच्या स्वेटरची बटणं काढून नीट लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, चूक दुरुस्तही केली नाही.

"गाडी बिघडली होती का?" म्हातारीनं विचारलं.

हो म्हणणं इतकं सोपं होतं. शिवाय ते दयेचं झालं असतं. आजारी माणसाला कुणी खुलासे देतं का? 'हो' जिभेवर आलंच होतं, एकदा वापरलेलं, गुळगुळीत झालेलं. त्याला वाटलं, आपण हे बोललो की आयुष्यभर असंच बोलत राहू, आणि चांगलं बोलू.

"नाही," तो म्हणाला. आवाज भलतीकडूनच आल्यासारखा आला. "गाडी चांगली होती. मीच आणली नाही."

"का?"

"मला ती माझ्यापाशी ठेवायची होती. ताईंना दिसत नाही, असं सांगितलं मी त्यांना. दिसत होतं."

बटणं लावणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले, शेवटच्या बटणापर्यंत. म्हातारी त्याच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी येऊन निघून गेलं. "वेडेच आहात," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "गाडी काय ठेवायची असते?" तिला चक्कर हवी होती. सेविकेनं हो म्हटलं. तो तिला मागे खिडकीशी बसवायला गेला, तर ती म्हणाली, मी नेहमी मधे बसते. मग तिनं पुढच्या सीटच्या पाठीतलं मेज सवयीनं पाडलं आणि त्यावर आपली बिस्किटं मांडली, ओळीनं. इमारतीभोवती त्यानं किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. बाई तिच्याजवळ मागे बसल्या होत्या. आरशात दोघींची डोकी दिसत होती, आणि चुरा सगळ्या कातड्यावर सांडत होता.

परतताना बाई पुन्हा शेजारी बसल्या. टेकडी उतरून झाली. मग बाई म्हणाल्या, "मी त्यानंतर दुसरीकडे डोळे दाखवले होते. त्यांनी भिंग बदललं, झालं. तुम्हाला सांगायला दोनदा आले दुकानापर्यंत. तुम्ही गाडी पुसत होतात, शीळ घालत. मला सांगवेना." त्यांच्या आवाजात राग असता तर त्याला आधार वाटला असता. "मग वाटलं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल."

"बाई, गाडी तुमची आहे. मी आजच किल्ली—"

"नको."

"पण तुम्हाला चालवता येते. तुम्ही स्वतः—"

"तेव्हा येत होती. दोन वर्षांत माणूस म्हातारा होतो. हल्ली रस्ता ओलांडतानाच मला धडकी भरते." घर आलं होतं. त्यांनी दार उघडलं, उतरल्या, आणि खिडकीतून वाकून त्याच्याकडे पाहिलं, डोळे बारीक न करता. "पुढच्या रविवारी सकाळी या. तुम्हीच चालवायची. तिला दाजी पण लागतात, आज पाहिलंत."

"येईन. दर रविवारी येईन."

"ती आजचं सगळं विसरेल. पुढच्या रविवारी पुन्हा विचारेल, इतके दिवस होतात कुठे म्हणून. त्याच्या पुढच्याही."

"मग मी काय सांगू?"

"आज सांगितलंत तेच," बाई म्हणाल्या. "दर वेळी."